काहील तेवढीच

१७ जून २००९ रोजी दुपारी दोन वाजता माझ्या फोनमध्ये पाच गाणी, सव्वीस फोटो आणि एकतीस रेकॉर्डिंग होती. गाण्यांनी १८.२ एमबी जागा घेतली होती, फोटोंनी ६.५ आणि रेकॉर्डिंगनी ११.४. मेसेज, नंबर आणि किरकोळ गोष्टी मिळून १.७. फोनची एकूण जागा ४२ एमबी, म्हणजे ४.२ शिल्लक. हे आकडे मी आठवून लिहीत नाही. त्याच दिवशी वहीत उतरवले होते आणि ती वही अजून माझ्याकडे आहे.

गाणी माझ्या भावाची, शिवकुमारची. फोटो घरचे, थोडे कॉलेजचे. रेकॉर्डिंग अप्पांची.

अप्पा म्हणजे माझे वडील, अण्णाप्पा. ते गुळव्या होते. गारगोटीच्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या शिवेला, हंबीररावांचं गुऱ्हाळ आहे. तिथं उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, तासन्‌तास उकळतो. तो नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर काळा पडतो. अप्पा थंड पाण्यात थेंब टाकून बघायचे, पण ते मालकाच्या समाधानासाठी. खरं तर ते कानानं ठरवायचे. काहिलीकडे पाठ करून तंबाखू मळत बसलेले असले तरी मध्येच उठून म्हणायचे, "उतरा."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी याच गोष्टीवर प्रकल्प केला. कॉलेजचं थर्मामीटर आणलं, सेकंडहँड घेतलेला फोन काहिलीपासून हातभर अंतरावर धरला आणि शेवटची चार-चार मिनिटं रेकॉर्ड केली. एकतीस काहिली, एकतीस रेकॉर्डिंग. प्रत्येकाच्या शेवटी अप्पांचं "उतरा", आणि त्याच क्षणी मी तापमान लिहून घेत असे. सगळ्यात कमी ११६.५ अंश, सगळ्यात जास्त ११८. सगळ्या रेकॉर्डिंगची मिळून लांबी दोन तास चार मिनिटं. त्यात रसाच्या आवाजाशिवाय इतर गोष्टीही होत्या. अप्पांचा खोकला होता. जाळ घालणाऱ्या गुंडूला दिलेल्या शिव्या होत्या. एकोणिसाव्या रेकॉर्डिंगमध्ये हंबीरराव ओरडतात, "आन्नाप्पा, रस लई साठलाय, अजून दोन घागरी वत की ह्यातच." अप्पा म्हणतात, "साठू दे की. काहील तेवढीच हाय, मालक." मग कुणीतरी हसतं. मग चाळीस सेकंद नुसता उकळण्याचा आवाज, आणि "उतरा."

१२ मार्चला अप्पा गेले. सकाळी छातीत कळ आली, गारगोटीच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

ही रेकॉर्डिंग दुसरीकडे उतरवून ठेवायला हवी होती. फोनची केबल मिळत नव्हती. कार्ड घालायची खाच आधीच्या मालकानं मोडलेली होती. कॉलेजचा संगणक परीक्षा संपल्यापासून कुलपात होता. ही तिन्ही कारणं खरी आहेत. पण १२ मार्च ते १७ जून म्हणजे सत्त्याण्णव दिवस होतात.

मे महिन्यात दक्षिणेतल्या एका संस्थेत माझी मुलाखत झाली होती, अन्नशास्त्रातल्या संशोधनासाठी. पाच जण समोर बसले होते. गुळव्याच्या कानाचं मी सांगितलं तेव्हा टोकाच्या एका बाईंनी विचारलं, "आवाज आहेत तुझ्याकडे?" मी म्हणाले, "आहेत. एकतीस." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. जागा मिळाल्याचं पत्र १७ जूनला सकाळी अकराला पोस्टमननं दिलं. पत्रावरची तारीख ५ जूनची होती. त्यात लिहिलं होतं की प्रवेश हवा असल्याचं संस्थेच्या वेबसाइटवर १७ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

गावात रेंज नव्हती. मी आणि अव्वा, म्हणजे माझी आई मल्लव्वा, वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपमधून गारगोटीला गेलो. अव्वानं काळजीनं वही, पत्र आणि दोन भाकऱ्या एकाच पिशवीत घातल्या होत्या.

सायबर कॅफेचा पिराजी दुकानाच्या पायरीवर पेपर घेऊन वारा घालत बसला होता. पाऊस लांबला होता आणि लोडशेडिंग वाढलं होतं.

"लाइट कधी येणार?" मी विचारलं.

"साडेपाचला."

"मला पाचच्या आत पाहिजे."

"मग बोर्डाला सांग की. घड्याळ त्यांचं हाय, माझं न्हवं."

"इन्व्हर्टर?"

"हाय. त्याच्यावर पंखा चालतोय. त्यो बी आता दमलाय."

कोल्हापूरला जायचं तर दीडची एसटी होती. पोचायला दोन तास, म्हणजे साडेतीन. तिथं लाइट असेलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. मी स्टँडकडे बघत उभी असताना समोरून ज्ञानूनं हाक मारली. ज्ञानू माझ्याबरोबर दहावीपर्यंत शाळेत होता. आता त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मला, दानेश्वरीला, तो अजून शाळेतल्यासारखं 'दाने' म्हणायचा.

"दाने, हातात एवढा मोठा फोन हाय आन् कम्प्युटर कशाला शोधालीस? ह्याच्यावर नेट चालतंय की. ये हिकडं. काकी, बसा बाकड्यावर."

फोनवर नेट चालत होतं. संस्थेचं पानही उघडलं, सव्वातीन मिनिटं लागली. पानाच्या माथ्यावर संस्थेच्या इमारतीचा मोठा फोटो, त्याखाली कसल्याशा सत्कार समारंभाचे सरकणारे फोटो, आणि सगळ्यात खाली अर्ज क्रमांकाची चौकट. क्रमांक भरला की फोनवर मेसेजनं सहा आकड्यांचा कोड येणार होता. तो पुढच्या चौकटीत भरायचा, बटण दाबायचं, झालं.

क्रमांक भरला. मेसेज आला. कोड वाचायला मेसेज उघडला, आणि पडद्यावर अक्षरं आली : "मेमरी फुल. काही अॅप्लिकेशन बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा." कोड कसाबसा वाचला, पण पानावर परत गेले तर पान नव्हतं. ते पहिल्यापासून पुन्हा लोड होत होतं. इमारत, सत्कार, मग रिकामी चौकट. क्रमांक पुन्हा भरला की नवा कोड निघायचा आणि जुना बाद व्हायचा. नवा वाचायला मेसेज उघडला की पान पुन्हा जायचं.

असं चार वेळा झालं. मी वहीत चार ओळी लिहिल्या : वेळ, कोड, निकाल. संस्थेचा फोन लावून पाहिला. तो सतत व्यस्त होता. समोरून दीडची एसटी गेली, तेव्हा तिसरा प्रयत्न चालू होता.

"काय म्हणतोय त्यो?" ज्ञानूनं विचारलं.

"मेमरी फुल."

मी वाक्य अर्धंच सांगितलं. दुसरं अर्धं मी वाचलं होतं. पण माझं दुसरं काहीच उघडं नव्हतं; गाणं नाही, कॅमेरा नाही. म्हणून ते वाक्य मला लागू नाही असं मी ठरवलं.

"मग रिकामी कर की!" ज्ञानू म्हणाला. "फोन म्हंजे काय, यष्टी हाय. आतलं उतरल्याबिगर भायरचं चढत न्हाईत. काय काय भरून ठेवलंयस त्यात?"

मी सगळं मोजलं ते तेव्हा. त्याच्या काउंटरवर वही ठेवून, एकेका फोल्डरचा आकार बघून.

आधी शिवकुमारची गाणी पुसली. शिल्लक जागा ४.२ वरून २२.४ झाली. पाचवा आणि सहावा प्रयत्न केला. मेसेज उघडला की पान गेलं, दोन्ही वेळा.

मग फोटो पुसले. शिल्लक २८.९. सातवा आणि आठवा प्रयत्न. पान गेलं, दोन्ही वेळा.

इथं थांबून एक गोष्ट लिहिली पाहिजे. जागा ४.२ वरून २२.४ केली, निकाल बदलला नाही. २८.९ केली, निकाल बदलला नाही. जागा जवळजवळ सातपट झाली होती आणि परिणाम काडीचाही हलला नव्हता. हे आकडे माझ्याच अक्षरात, माझ्याच समोर, एकाखाली एक होते. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला एखादीनं असं टिपण दाखवलं असतं, तर मी तिला सांगितलं असतं की तुझं कारण चुकलंय, दुसरं शोध. मी वहीकडे बघितलं आणि ज्ञानूला म्हणाले, "अजून थोडी जागा पाहिजे वाटतं."

"अजून काय हाय त्यात?"

"अप्पांची रेकॉर्डिंग."

ज्ञानू म्हणाला, "माझ्या कम्प्युटरात घेतली असती गं. पन लाइट कुठाय? आन् माझ्या फोनात फकस्त सापाचा गेम हाय."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाकड्यावरून अव्वानं विचारलं, "काय झालं? तोंड का उतरलं तुझं?"

मी तिला सांगितलं. फोन भरलाय, अप्पांचे आवाज पुसले तर काम होईल. 'कदाचित' हा शब्द मी वापरला नाही.

"पुसलं म्हंजे परत येत न्हाय?"

"नाही."

"एकदा लाव."

मी एकोणिसावं लावलं. हंबीरराव ओरडले. अप्पा म्हणाले, "साठू दे की. काहील तेवढीच हाय, मालक." कुणीतरी हसलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला म्हणून मधलं काही ऐकू आलं नाही. मग "उतरा." अव्वानं फोन माझ्याकडून घेतला, पडद्यावर बघितलं, जणू तिथं काही दिसणार होतं, आणि परत दिला.

"पूस," ती म्हणाली.

"अव्वा..."

"मेलेल्या माणसाचा आवाज काय चाटायचा हाय? घरात बसून ऐकत बसशील आन् जागा जाईल. पूस म्हंतोय न्हवं."

एकतिसांवर खुणा केल्या. फोननं विचारलं, एकतीस नोंदी पुसायच्या? मी 'होय' दाबलं. सहा-सात सेकंद लागले. शिल्लक जागा ४०.३ एमबी.

नववा प्रयत्न, तीन वाजून सव्वीस मिनिटं : पान गेलं. दहावा, तीन चाळीस : पान गेलं. अकरावा, तीन बावन्न : पान गेलं.

"तुझा फोनच खराब हाय," ज्ञानू म्हणाला. "फॉरमॅट मारू का?"

अव्वा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी समोर पिराजीनं शिट्टी मारली. लाइट आली होती, सत्तर मिनिटं आधी. कुणी मंत्री गारगोटीला सत्काराला येणार होते, म्हणून लाइन सुरू ठेवायला सांगितलं होतं असं नंतर कळलं. संगणक चालू होऊन नेट लागायला सहा मिनिटं गेली. पान संगणकावर उघडलं, क्रमांक भरला, कोड फोनवर आला, फोनवर वाचला, संगणकावर टाइप केला. चार वाजून एकतीस मिनिटांनी पडद्यावर माझं नाव आणि त्यापुढे 'प्रवेश निश्चित' असं आलं. बटण दाबण्यापासून तिथवर एक मिनिटही लागलं नाही.

"झालं न्हवं?" ज्ञानू दारात येऊन म्हणाला. "आता पेढे पायजेत. आन् एवढं रडायला काय झालं? मिळाली की सीट!"

परतीच्या जीपमध्ये अव्वानं पिशवी मांडीवर घेतली होती. आमचा फाटा जवळ आला तेव्हा म्हणाली, "म्हंजे थोडं थांबलो असतो तर?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवीतल्या भाकऱ्या तशाच आहेत हे तिच्या लक्षात आलं. त्या तिनं घरी येऊन म्हशीपुढे टाकल्या.

ऑगस्टमध्ये मी संस्थेत रुजू झाले. मुलाखतीत टोकाला बसलेल्या बाईच माझ्या मार्गदर्शक होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "आवाज आणलेस?"

मी वही पुढे केली. एकतीस तापमानं, एकतीस तारखा, प्रत्येकापुढे उसाची जात.

त्यांनी पानं उलटली. "हे चांगलं आहे. पण थर्मामीटर कुणीही लावेल. हा माणूस थर्मामीटरच्या आधी काय ऐकत होता, ते मला हवं होतं. आवाज कुठे आहेत?"

"पुसले गेले."

"पुसले गेले की पुसले?"

"पुसले."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. वही माझ्याकडे परत सरकवली. पुढच्या आठवड्यात मला बिस्किटं किती दिवसांत मऊ पडतात हा विषय मिळाला.

दिवाळीनंतर घरी गेले तेव्हा गुऱ्हाळ सुरू झालं होतं. अप्पांच्या जागी नवा गुळव्या नव्हता. हंबीररावांनी काहिलीच्या कडेला तारेनं एक थर्मामीटर बांधलं होतं आणि गुंडू त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होता.

"तुझीच आयडिया हाय, दानेश्वरी," हंबीरराव म्हणाले. "एकशे सतरा झालं की उतरायचं. तुझ्या वहीत हुतं ते मी हिथं भितीवर लिवून घेतलतं. आता गुळव्या कशाला पायजे? तुझा बाप उगंच आमाला भ्या घालायचा."

मी फोन काहिलीजवळ धरून चार मिनिटं रेकॉर्ड केली. शेवटी गुंडू म्हणाला, "झालं वाटतं." घरी आल्यावर अव्वानं विचारलं, "काय भरून आणलंस?" मी लावलं. तिनं दहा सेकंद ऐकलं आणि चुलीकडे गेली.

जानेवारीत वसतिगृहात मी त्या फोनचं माहितीपुस्तक मिळवून वाचलं, ते आधीच वाचायला हवं होतं. फोनमध्ये मेमरी दोन असतात. एकीत वस्तू ठेवलेल्या असतात : गाणी, फोटो, आवाज. दुसरीत चालू काम चालतं : उघडलेलं पान, उघडलेला मेसेज. दुसरी भरली की फोन मागे पडलेलं काम न विचारता बंद करतो, आणि परत गेलं की ते पहिल्यापासून लोड करावं लागतं. पहिलीत कितीही जागा केली तरी दुसरी मोठी होत नाही. मला भरलेली दिसली ती पहिली, आणि भरत होती ती दुसरी. ती त्या पानावरच्या इमारतीच्या आणि सत्काराच्या फोटोंनी भरत होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पाचव्या ओळीवर 'चित्रे दाखवा' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे बरोबरची खूण होती.

एका रविवारी सकाळी खोलीत कुणी नसताना मी प्रयोग मांडला. फोन तोच, सिम तेच. संस्थेचं पान अजून तसंच होतं. सत्कार फक्त नवे होते. माझ्या अर्जाचं काम संपलेलं असल्यामुळे कोड येणार नव्हता, म्हणून मेसेज मैत्रिणीच्या फोनवरून मीच पाठवायचे. आधी रिकाम्या खोलीचे एकतीस आवाज रेकॉर्ड केले, प्रत्येकी चार मिनिटांचे, म्हणजे आकार तेवढाच होईल : ११.४ एमबी. सोबत पाच गाणी आणि सव्वीस फोटो घातले, साधारण तेवढ्याच वजनाचे. शिल्लक जागा ४.२ वर आणली. कामाची मोकळी मेमरी दाखवणारा एक छोटा प्रोग्राम टाकला. मग प्रत्येक वेळी फोन बंद करून सुरू केला, पान उघडलं, मेसेज आल्यावर तो वाचला आणि पानावर परत गेले. प्रत्येक स्थितीत दहा वेळा. संध्याकाळी पाचला तीस नोंदी पूर्ण झाल्या.

सगळं भरलेलं, चित्रे चालू : फोन सुरू केल्यावर कामाची मोकळी मेमरी १९.६ एमबी; पान दहापैकी दहा वेळा पुन्हा लोड झालं.

सगळं पुसलेलं, चित्रे चालू : १९.६ एमबी, दहापैकी दहा वेळा.

एकतीस रेकॉर्डिंग, पाच गाणी, सव्वीस फोटो जागेवर, चित्रे बंद : १९.६ एमबी, दहापैकी शून्य वेळा.